खेळणी करणारे हात

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात, कला व हस्तकौशल्य प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी केलेले भाषण. स्मरणिकेसाठी किंचित वाढवून लिहिले आहे.)





या प्रदर्शनाचे उद्घाटन एखाद्या चित्रकाराच्या हस्ते व्हावे आणि दोन शब्दही त्यांनीच बोलावेत, अशी माझी सूचना होती. ती मान्य झाली नाही. मी बी. ए., बी. एड्. झालेला मराठीचा शिक्षक. हातात ब्रश धरला तर रंग कागदापेक्षा सदऱ्यालाच अधिक लागतो. परंतु ज्या शाळेत मी प्रथम नोकरीला लागलो तेथे चित्रकलेला स्वतंत्र शिक्षक नव्हता. वेळापत्रकात ज्याचा तास मोकळा, त्याच्या गळ्यात चित्रकला आणि कार्यानुभव पडत असे. ते माझ्या गळ्यात पडले. पहिली दोन वर्षे त्या तासांना मी मुलांकडून शुद्धलेखन करून घेतले, हे आज सर्वांसमक्ष कबूल करतो.

माझे डोळे उघडले ते एका तारेच्या गाडीने. आठवीचा वर्ग होता. मी समास शिकवीत होतो आणि मागच्या बाकावर एक मुलगा बाकाखाली हात घालून काहीतरी चाळा करीत होता. मी जवळ गेलो. त्याच्या मांडीवर बायंडिंग वायरची एक गाडी होती. मी ती ओढून घेतली, त्यात तिचे एक चाक वाकले, आणि कपाटात टाकून दिली. वर्गाला उद्देशून चार कडक शब्द बोललो. मुलगा काही बोलला नाही. त्याने फक्त त्या वाकलेल्या चाकाकडे पाहिले.

संध्याकाळी कपाट बंद करताना ती गाडी पुन्हा हाती आली. तेव्हा ती प्रथमच नीट पाहिली. फाटक्या चपलेच्या रबराची गोल कापलेली चाके. सायकलच्या आरीचा आस. सर्व सांगाडा तारेचा. कोठे डाग दिलेला नाही, सर्व पीळ घालून जोडलेले. गाडीच्या पाठीवरून हातभर लांब दांडी वर आलेली आणि तिच्या टोकाला बोटभर व्यासाचे चक्र. ते फिरवले की पुढची दोन्ही चाके वळत. मी रिकाम्या व्हरांड्यात पाच-दहा मिनिटे ती गाडी चालवीत होतो. शिपाईचाचांनी पाहिले, ते आजही त्यावरून मला चिडवतात.

द्विगु समास त्या मुलाला आला नव्हता, हे खरे. पण वळणाऱ्या गाडीचा पुढचा आस मध्यावर कसा फिरता ठेवावा, दांडीचा पीळ खालपर्यंत कसा पोचवावा, हे त्याला कोणी शिकवले नव्हते, आणि ते त्याला आले होते. दुसऱ्या दिवशी मी विचारले, "सामान कोठून आणलेस?" तो म्हणाला, "अब्बाच्या दुकानात येतं ना सर सगळं." अब्बांचे दुकान भंगाराचे.

जालनेकरांना भंगाराची ओळख करून द्यावयास नको. आपल्या शहराचे नाव आज ज्या सळयांमुळे देशभर पोचले आहे, त्या सळयांचे कारखाने मोठ्या प्रमाणात भंगारच वितळवतात. मोडकी गाडी, गंजलेला पत्रा, तुटलेला नांगर भट्टीत जातो आणि नवी सळई होऊन बाहेर येतो. भंगार गोळा करण्यात, निवडण्यात आणि तोलण्यात आपल्या समाजातील कितीतरी घरांची रोजीरोटी आहे. भंगार म्हणजे कच्चा माल, हे येथे कोणाला सांगावे लागत नाही. मला सांगावयाचे आहे ते एवढेच की जगातील नामवंत कलावंतांनाही ते ठाऊक होते.

पिकासोचे नाव आपण ऐकले असेल. स्पेनमध्ये जन्मलेला आणि फ्रान्समध्ये राहिलेला हा चित्रकार. १९४२ साली, पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना, त्याला मोडक्या वस्तूंच्या ढिगात सायकलची एक जुनी सीट आणि हँडल दिसले. त्याने सीट उभी धरली, तिच्या डोक्यावर हँडल लावले आणि बैलाचे मुंडके तयार झाले! लांबट तोंड, वर गेलेली शिंगे. दोनच वस्तू, आणि त्या दोन्ही ओळखू येतात. तरी बैलही दिसतो. ही कलाकृती आज पॅरिसमध्ये पिकासोच्या नावाच्या संग्रहालयात आहे. पिकासो गमतीने म्हणत असे की कोणीतरी हे मुंडके फेकून द्यावे, आणि ज्याला ते सापडेल त्याला त्यात पुन्हा सायकलची सीट आणि हँडल दिसावे. आपल्या गावातील कोणत्याही सायकल दुकानात असे दहा बैल धूळ खात टांगलेले आहेत.

दुसरा कलावंत अमेरिकेचा, अलेक्झांडर काल्डर. हे गृहस्थ मूळचे इंजिनिअर; १९१९ साली पदवी घेतलेले. पुढे ते पॅरिसला गेले आणि १९२६ पासून चार-पाच वर्षांत तार, बूच, चिंध्या, लाकडाचे तुकडे यांची एक संपूर्ण सर्कस बनवली. झुल्यावरचे कसरतपटू, सिंह, घोड्यावरची स्वार, सर्व काही वीतभर उंचीचे. मोठमोठे चित्रकार आणि लेखक जमिनीवर आणि खोक्यांवर बसून हा खेळ पाहत, आणि काल्डर स्वतः गुडघ्यावर बसून दोऱ्या ओढीत. सर्कस पेट्यांत भरून ते गावोगाव नेत. आज ती न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. पुढे याच माणसाने वाऱ्याच्या झुळकीने हलणारी, छताला टांगलेली शिल्पे केली आणि शिल्पकला हलूही शकते हे जगाने मान्य केले. १९५५ साली काल्डर अहमदाबादला येऊन राहिले होते आणि तेथेही त्यांनी अशी शिल्पे केली. त्यांच्या सर्कशीचे छायाचित्र मी वर्गात दाखवले तेव्हा एका मुलाने विचारले, "सर, हा माणूस मोठा झाल्यावर पण खेळत होता?" मी म्हणालो, होय, त्याबद्दल त्याला पैसेही मिळत. वर्गात हशा पिकला. पण काही मुले हसली नाहीत, विचारात पडली. मला त्या मुलांविषयी बोलावयाचे आहे.

आता म्हणाल, ही गोऱ्या लोकांची उदाहरणे कशाला? तर आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण घ्या. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १९१५ सालचा, पंढरपूरचा. तान्हेपणीच आई गेली. वडील त्यांना घेऊन इंदूरला गेले. बालपणी त्यांनी अरबी खुशखत गिरवले. रेषेवरचा त्यांचा हात तेथे बसला असे जाणकार म्हणतात. तरुणपणी मुंबईला आले तेव्हा खिशात काही नव्हते. फूटपाथवर झोपले. सिनेमाच्या प्रचंड जाहिराती शिडीवर उभे राहून रंगवल्या, त्याही चौरस फुटाला काही आणे या दराने. ही हकीकत बहुतेकांना ठाऊक आहे.

त्यानंतरची हकीकत फारशी कोणी सांगत नाही. १९४१ च्या सुमारास लग्न झाले, संसार आला, आणि सिनेमाच्या पाट्यांवर भागेना. तेव्हा हुसेन लाकडी सामान आणि लहान मुलांची खेळणी यांची डिझाइने करू लागले. मुलांच्या खोलीतील फर्निचर, रंगवलेली लाकडी जनावरे. १९४७ साली मुंबईच्या प्रदर्शनात त्यांचे चित्र गाजले, त्याच काळात प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये ते गेले आणि पुढे सर्व जगाचे झाले. तोपर्यंतची ती वर्षे खेळण्यांवर निभावली. मला मात्र वाटते की ती वर्षे केवळ पोटासाठी गेली नाहीत. खेळणे करताना घोड्याचा सर्व पसारा टाकून द्यावा लागतो. मान, पाठ, उधळलेले पाय एवढेच ठेवावे लागते, नाहीतर मुलाला ते हातात धरता येत नाही. पुढे हुसेन यांचे घोडे जगभर गेले, त्या घोड्यांत हेच तर आहे. हे माझे मत. चित्रकलेचे पंडित काय म्हणतील ते म्हणोत.

१९६७ साली त्यांनी राजस्थानवर एक लहानसा चित्रपट केला. त्यात एक शब्द नाही. छत्री, कंदील, जोडा, बैल अशा साध्या वस्तू येतात आणि जातात. त्याला बर्लिनच्या महोत्सवात लघुपटांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. एक साधी छत्री घेऊन जगाला थक्क करावयाचे, हा लहान मुलाचा खेळ नव्हे तर काय? त्यांच्या काही चित्रांवरून देशात मोठा वाद झाला, खटले झाले, वृद्धापकाळी ते देश सोडून गेले, २०१० साली कतारचे नागरिकत्व घेतले आणि २०११ मध्ये लंडनला त्यांचे निधन झाले. तो विषय मोठा आहे आणि मते भिन्न आहेत. येथे त्यात शिरत नाही. मी आज खेळणी करणाऱ्या हुसेन यांच्याविषयी बोलत आहे.

येथे एक गोष्ट टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. काही पालक मला खाजगीत विचारतात, "सर, हे चित्र काढणं, बाहुल्या करणं आपल्यात चालतं का?" मी आलिम नाही. फतवा देणे माझे काम नाही. ज्याने त्याने आपल्या आलिमांना जरूर विचारावे. पण हदीसच्या ग्रंथांत एक प्रसंग आहे तो आपणही ऐकला असेल. हजरत आयेशा यांच्या खेळण्यांत चिंध्यांचा एक घोडा होता आणि त्याला दोन पंख लावलेले होते. रसूलुल्लाह (सल्लल्लाहु अलैहि व सल्लम) यांनी विचारले, घोड्याला पंख कसे? त्यांनी उत्तर दिले की हजरत सुलेमानांच्या घोड्यांना पंख होते हे आपण ऐकले नाही का? यावर ते मनमोकळे हसले. अबू दाऊदच्या संग्रहात हा प्रसंग आहे. अर्थ सांगण्याचा अधिकार आलिमांचा. मी शिक्षक या नात्याने एवढेच पाहतो की त्या खेळण्याला रागावणे झाले नाही, प्रश्न विचारला गेला, उत्तर ऐकले गेले. आणि मी मात्र मुलाच्या हातातून गाडी ओढून घेतली होती.

ज्यांच्या मनात तरीही किंतु राहील त्यांच्या मुलांसाठी आकृत्यांचे सारे जग मोकळे आहे. बीबी का मकबऱ्यातील जाळ्या पाहा. कंपासपेटीतील वर्तुळक घ्या, एक वर्तुळ काढा, तेच अंतर कायम ठेवून परिघावर चालत जा. बरोबर सहा पावलांत परत येता आणि सहा पाकळ्यांचे फूल तयार होते. त्या एका फुलातून षट्कोन, तारे आणि पुढे सारी जाळी निघते. भूमितीचा तास ज्यांना रुक्ष वाटतो त्या मुलांना मी हे करावयास देतो. ती मुले घंटा झाली तरी उठत नाहीत.

आणि यंत्रांची गंमत तर आपल्या पूर्वजांइतकी कोणी केली नसेल. आजच्या तुर्कस्तानातील दियारबकीर येथे अल-जजरी नावाचे एक कारागीर आणि यंत्रज्ञ राजदरबारी होते. १२०६ साली त्यांनी आपल्या यंत्रांचा ग्रंथ पूर्ण केला. त्यात पाणी उपसण्याची यंत्रे आहेत तशी निव्वळ मौजेची यंत्रेही आहेत. हात धुण्याचे एक मोराचे यंत्र आहे. मोराच्या चोचीतून पाणी येते. पात्रातील पाण्याची पातळी वाढली की एक लहान सेवक दार उघडून साबण पुढे करतो, आणखी वाढली की दुसरा सेवक रुमाल घेऊन येतो! आत सारे तरंगणाऱ्या गोळ्यांचे काम.

पण माझे आवडते आहे ते हत्तीचे घड्याळ. हत्तीच्या पोटात पाण्याची टाकी. पाण्यावर तळाला बारीक भोक असलेले भांडे तरंगते. भोकातून पाणी हळूहळू भांड्यात शिरते आणि बरोबर अर्ध्या तासाने ते बुडते. बुडताना दोरी ओढली जाते, वरून एक गोळा सुटतो, पक्षी फिरतो, गोळा नागाच्या तोंडात पडतो, नाग वजनाने खाली झुकतो, गोळा खाली सोडतो आणि माहूत ठोका देतो. नागाच्या झुकण्याने बुडालेले भांडे पुन्हा वर ओढले जाते आणि पुढचा अर्धा तास सुरू! आता हे भोकाचे भांडे आपल्याला कोठे पाहिल्यासारखे वाटते? आपले हिंदू शेजारी पूर्वी लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी घंगाळात घटिकापात्र सोडीत, तेच तत्त्व. हिंदुस्थानचा हत्ती, चीनचा नाग, ग्रीकांची जलविद्या, सर्व एका यंत्रात. विज्ञानाच्या इतिहासात या ग्रंथाला फार मोठे स्थान आहे. वेळ सांगण्यासाठी हत्तीची काही आवश्यकता होती का? नव्हती. ती मौज होती. पण त्या मौजेसाठी तरफ, तरंग आणि तोल यांचा हिशेब बिनचूक करावा लागला.

मौजेतून विज्ञान शिकवणारे आपल्या काळातील नाव म्हणजे अरविंद गुप्ता. आय. आय. टी. कानपूरमधून विद्युत अभियांत्रिकी शिकलेले हे गृहस्थ पुण्याला ट्रक बनविणाऱ्या कारखान्यात नोकरीला होते. १९७८ साली त्यांनी रजा काढली आणि मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात खेड्यातील शाळांतून विज्ञान शिकवण्याच्या कार्यक्रमात गेले. तेथील आठवडी बाजारात त्यांना सायकलची वालट्यूब दिसली. आत्ताच्या मुलांना सांगतो, जुन्या सायकलीच्या व्हॉल्व्हवर जी बारीक रबरी नळी चढवीत ती. गुप्तांनी तिचे तुकडे केले आणि त्यांच्या तोंडांत काडेपेटीच्या काड्या खुपसल्या. काड्या जोडण्याचा सांधा तयार झाला.

आम्ही हे वर्गात केले. चार काड्यांचा चौकोन करा. बोटाने दाबला की तो कलंडतो, तिरपा होतो. तीन काड्यांचा त्रिकोण करा. तो हलत नाही. एका मुलीने लगेच विचारले, "सर, म्हणून पत्र्याच्या शेडच्या कैच्या तिकोनी असतात?" मी तिला उत्तर दिले नाही. शाळेच्या मागच्या शेडकडे बोट दाखवले. तो धडा मी पाठ्यपुस्तकातून दोन वर्षे शिकवला असता तरी हा प्रश्न आला नसता. गुप्तांनी पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात अनेक वर्षे काम केले. रिकाम्या बाटल्या, जुने वर्तमानपत्र, स्ट्रॉ, चुंबक यांची शेकडो खेळणी त्यांनी केली, आणि ती कशी करावयाची ते सर्वांना फुकट उपलब्ध करून दिले. मराठीत आहे आणि उर्दूतही आहे. मोबाइलवर पाहता येते. २०१८ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. मुलाच्या हातात मोबाइल आहे म्हणून चिडणाऱ्या पालकांनी एकदा त्याच मोबाइलवर ही खेळणी त्याला दाखवावीत.

आता त्या मुलाकडे वळतो. त्याचे नाव मी घेत नाही. गाडीनंतर मी त्याला कार्यानुभवाच्या तासाला मोकळे सोडले. वडिलांच्या दुकानातून तो मोडक्या छत्रीच्या काड्या, आरे, जुन्या एक्स-रेच्या फिल्मा आणीत असे. नववीच्या जून महिन्यात एके दिवशी वडील शाळेत आले.

"सर, दाखला पाहिजे."

"कशासाठी?"

"दुकानात बसवतो त्याला. इथं बी तार वाकवतो, तिथं बी तार वाकवंल. तिथं निदान दोन पैसे येतील."

मी गप्प झालो. कारण त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. मुलाला मीच वर्गात तार वाकवू देत होतो. मी खुर्ची पुढे केली. चहा मागवला. त्यांनी मला सरळ विचारले, "यानं पोट भरतं का सर? खरं सांगा."

मी खरे तेच सांगितले. सगळ्यांचे भरत नाही. हुसेन फूटपाथवर झोपले होते. पण आज काही रस्ते आहेत, ते माहीत नसताना दाखला नेऊ नका. मग मी एका कागदावर लिहून दिले, ते येथेही सांगतो, कारण असे वडील या सभागृहात आणखीही असतील. शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा शाळेतूनच देता येतात आणि इंटरमिजिएटच्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीला मिळतात. दहावीनंतर आय. टी. आय. आहे, ज्याचा हात चालतो त्याला तेथे फिटर, वेल्डर, टर्नर होता येते. बारावीनंतर छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कला महाविद्यालय आहे, मुंबईचे १८५७ पासूनचे जे. जे. आहे. आणि अहमदाबादला १९६१ साली स्थापन झालेली राष्ट्रीय डिझाइन संस्था आहे. तिच्या प्रवेशाच्या दुसऱ्या फेरीत काय विचारतात हे ऐकून त्यांना नवल वाटले. तार, कागद, माती अशा वस्तू उमेदवाराच्या पुढे ठेवतात आणि सांगतात, यातून काहीतरी करून दाखवा!

"तार?" त्यांनी विचारले.

"तार."

ते थोडे हसले. पण मी दुसरी बाजूही सांगितली. तेथे पोचण्यास बारावी उत्तीर्ण व्हावे लागते, इंग्रजी यावे लागते, आणि फी लाखांत आहे. नुसता हात चालून भागत नाही. दुकानात बसलेला मुलगा तार वाकवील, पण त्या खोलीच्या दारापर्यंत पोचणार नाही. त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. म्हणाले, "बघू." दाखला त्या दिवशी नेला नाही.

या ठिकाणी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांस माझी नम्र विनंती आहे. शिष्यवृत्तीच्या यादीत आपण डॉक्टर आणि इंजिनिअर होणाऱ्या मुलांसाठी रक्कम ठेवतो, ते योग्यच आहे. त्यात एक ओळ कला आणि डिझाइनसाठी घालावी. शाळेला एक पूर्णवेळ चित्रकला शिक्षक मिळावा यासाठी पाठपुरावा व्हावा. आणि तूर्त एक जुनी खोली, दोन लांब टेबले, चार पकडी, दोन कात्र्या आणि एक हातोडी एवढे मिळाले तरी आम्ही कामाला लागू. भंगार आम्हाला विकत घ्यावे लागणार नाही.

मुलींच्या मातांनाही दोन शब्द. प्रदर्शनात एका आजींनी शिवलेली गोधडी ठेवली आहे. त्यांची नात ती आणावयास लाजत होती. जुन्या लुगड्याच्या आणि सदऱ्याच्या चिंध्या, त्यात काय पाहावयाचे, असे तिला वाटे. मी ती भिंतीवर उभी टांगली. उभी केल्यावर दिसले की निळे तुकडे कडेकडेने फिरत गेले आहेत आणि मध्यभागी एकच लाल चौकोन आहे. आजींना विचारले, हा लाल तुकडा मुद्दाम मध्ये घेतला का? त्या म्हणाल्या, "मग काय, आपोआप गेला होय तिथं?" मोठ्या संग्रहालयांत अशा गोधड्या काचेआड ठेवतात. आपल्या मुली लग्नसराईत मेंदी काढून चार पैसे मिळवतात, तीही डिझाइनच आहे. फक्त वहीत उतरवून तारीख घालून ठेवण्याची सवय त्यांना लावा. पुढे कोठेही प्रवेश घेताना ती वही दाखवावी लागते.

वडीलधाऱ्यांपैकी अनेकांनी लहानपणी ज्वारीच्या धांड्याच्या बैलगाड्या केल्या असतील, आंब्याच्या कोयीच्या पुंग्या वाजवल्या असतील, कामट्या तासून पतंग बांधले असतील. त्या वेळी त्याला कोणी कला म्हटले नाही, आणि तसे म्हणण्याची गरजही नव्हती, कारण हात आपोआप शिकत होते. आज खेळणे दुकानातून तयार येते आणि दोन दिवसांत मोडते. मोडल्यावर मुलगा ते उघडून आतले चक्र पाहू लागला तर कृपा करून त्याला मारू नका. पाहू द्या. स्क्रू एका वाटीत ठेवावयास सांगा, म्हणजे हरवणार नाहीत.

मी बराच वेळ घेतला. प्रदर्शन पश्चिमेकडील वर्गात मांडले आहे. दाराजवळच्या टेबलावर छत्रीच्या काड्या आणि एक्स-रेच्या फिल्मा यांचा एक पक्षी आहे. दांडा फिरवला की पंख वर-खाली होतात. करणारा मुलगा यंदा दहावीला आहे आणि तो आत्ता तेथेच उभा आहे. वडिलांचे अजून "बघू"च चालू आहे; पण पक्ष्याखालचे बेअरिंग त्यांनी स्वतः निवडून दिले आहे. वस्तूंना हात लावू नये, अशी पाटी कोणीतरी लावली होती, ती मी सकाळी काढून टाकली. फक्त पक्ष्याचा डावा पंख थोडा अडकतो, तेल घालावयाचे राहून गेले आहे. दांडा हळू फिरवावा.